ट्रॅव्हल ट्रेलर सोडून फिफ्थ व्हील: घर नंतर बघा, आधी ट्रक बघा

हायवेवर शेजारून अठरा चाकी ट्रक वेगात पुढे निघाला की ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे पिकअपच्या मागे अडकवून ओढायचं चाकांवरचं घर, आधी बाहेर ढकलला जातो आणि लगेच उलटा आत ओढला जातो. ही ओढाताण येते ती पिकअपच्या बंपरच्याही मागे असलेल्या एका लोखंडी गोळ्यावर, आणि तिथून स्टिअरिंगवर. नॉर्थ कॅरोलिनातल्या कॅरीहून सव्वीस फुटी ट्रॅव्हल ट्रेलर आणि फोर्ड एफ-१५० घेऊन आम्ही कित्येक उन्हाळे हिंडलो. गाडी बहुतेक वेळा मीच चालवते. संध्याकाळी कॅम्पग्राउंडवर उतरले की माझे खांदे भरून आलेले असायचे. फिफ्थ व्हील, म्हणजे ज्याचं नाक पिकअपच्या हौद्यात बसतं तसा ट्रेलर, घेतल्यापासून ते थांबलं. एवढ्या एका गोष्टीसाठी मी हा बदल पुन्हा करेन. पण त्याची खरी किंमत दुकानातल्या पाटीवर लिहिलेली नसते, आणि आपल्या ओळखीच्या मराठी कुटुंबांमधून हल्ली सारखी विचारणा होते, म्हणून सगळं नीट लिहिते आहे.

आधी मूळ फरक. ट्रॅव्हल ट्रेलर अडकतो तो बॉल मागच्या ॲक्सलच्या चार-पाच फूट मागे असतो. तिथे बाजूने थोडा जरी धक्का बसला तरी त्या चार-पाच फुटांच्या तरफेमुळे पिकअपचं ढुंगण हलतं. फिफ्थ व्हीलच्या नाकाखालची पिन पिकअपच्या हौद्यात, बरोबर मागच्या ॲक्सलवर किंवा किंचित पुढे बसते. तरफच उरत नाही. ट्रॅव्हल ट्रेलरला आपण वेट डिस्ट्रिब्युशन हिच (भार पुढच्या चाकांवरही वाटणारी जोडणी) लावतो, स्वे कंट्रोलचे बार लावतो; ते झोल, म्हणजे ट्रेलरचं झुलणं, कमी करतात, पण झोल निर्माण होण्याचं कारण तिथेच राहतं. आमचा चार टेकूंचा स्वे कंट्रोल हिच चांगला होता, त्याच्याबद्दल तक्रार नाही. त्याच्या हातात होतं तेवढं त्याने केलं.

दुसरा फरक वजनाचा. ट्रॅव्हल ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार बॉलवर यावा लागतो. फिफ्थ व्हीलमध्ये १५ ते २५ टक्के भार पिनवर येतो, साधारण २० टक्के धरून चालावं. माझे आजोबा सांगलीकडे बैलगाडीत ऊस भरायचे, त्यांना हे गणित शिकवावं लागलं नव्हतं: मागे जास्त भरलं की गाडी उलाळ होते, पुढे जास्त भरलं की बैलांची मान मोडते. ट्रेलरचंही तेच. मागे पाण्याच्या टाक्या आणि सायकली, पुढे काही नाही, असा भरलेला ट्रॅव्हल ट्रेलर साठ मैलांच्या वेगाला झुलायला लागतो. फिफ्थ व्हीलमध्ये पुढचा भार रचनेतूनच जास्त असतो आणि तो पिकअपच्या सर्वांत भक्कम जागी पडतो.

आता हा फरक रस्त्यावर कसा दिसतो ते सांगते. आमच्याकडून समुद्राकडे जाताना यूएस-६४ वर मँटिओच्या अलीकडे व्हर्जिनिया डेअर पूल लागतो, पाच मैलांहून लांब, दोन्ही बाजूंना उघडं पाणी. पुढे हॅटरासकडे वळलं की ऑरेगन इनलेटवर २०१९ साली सुरू झालेला मार्क बास्नाइट पूल, तो मधोमध बराच उंच चढतो. या दोन्ही पुलांवर वारा आडवा येतो. पूर्वी इथे मी पंचेचाळीसवर यायचे आणि मागे गाड्यांची रांग लागायची. फिफ्थ व्हील ट्रॅव्हल ट्रेलरपेक्षा उंच आहे, म्हणजे वाऱ्याला अंग जास्त मिळतं, आणि वारा लागतोच. सगळी जोडी एकत्र थोडी कलते, स्टिअरिंग थोडं वाऱ्याकडे धरावं लागतं. पण शेपूट हलत नाही. कलणं समजतं, सावरता येतं. झुलणं सुरू झालं की ते वाढत जातं, आणि त्याची भीती वेगळीच असते.

डोंगराचंही तसंच. आय-४० वर ब्लॅक माउंटनकडून ओल्ड फोर्टकडे उतरताना सहा टक्क्यांचा उतार कित्येक मैल चालतो, वळणं घेत. इथे फरक फक्त हिचचा नाही, ट्रकचाही आहे. डिझेलचा एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनच गाडीला रोखून धरतं) आणि टो-हॉल मोड (ओझं ओढताना गिअर खालचा ठेवणारी सोय) लावला की ब्रेकवर पाय क्वचितच ठेवावा लागतो.

आणि इथेच मुख्य मुद्दा येतो. आम्ही ट्रेलर बदलायला निघालो होतो. प्रत्यक्षात ट्रक बदलावा लागला, आणि ट्रकचे पैसे ट्रेलरपेक्षा जास्त गेले.

बाजारात ‘हाफ-टन टोएबल’ म्हणून विकली जाणारी फिफ्थ व्हील्स आहेत. म्हणजे एफ-१५०, रॅम १५००, सिल्व्हराडो १५०० यांनी ओढता येतील अशी. आम्ही गेलो त्या डीलरच्या माणसाने आमचा एफ-१५० लांबूनच बघितला आणि हसून म्हणाला, आरामात ओढेल. मी ड्रायव्हरच्या दाराची चौकट उघडून तिथलं पिवळं स्टिकर त्याला दाखवलं. त्यावर लिहिलेलं असतं की माणसं आणि सामान मिळून अमुक पौंडांच्या वर जाऊ नये. आमच्या गाडीचा आकडा होता १,६४० पौंड. आम्हाला आवडलेल्या बत्तीस फुटी फिफ्थ व्हीलच्या माहितीपत्रकात पिनचं वजन होतं १,६५०. माणसं, हिच, मुलीचं दप्तर, काहीच न धरता आधीच दहा पौंड जास्त. वर हे माहितीपत्रकातलं वजन कोऱ्या, रिकाम्या ट्रेलरचं असतं: पाणी नाही, अंथरुणं नाहीत, कुकर नाही, तांदळाचा डबा नाही.

ओढण्याची क्षमता आणि पेलण्याची क्षमता या दोन निराळ्या गोष्टी आहेत. जाहिरातीत तेरा हजार पौंड ओढते असं लिहिलेलं असतं ते खरं असतं. पण फिफ्थ व्हीलमध्ये गाडी बहुतेक वेळा ओढण्यात कमी पडत नाही, पेलण्यात कमी पडते. ज्यांना फक्त एक आकडा लक्षात ठेवायचा आहे त्यांनी त्या पिवळ्या स्टिकरवरचा ठेवावा.

मग थ्री-क्वार्टर टन घेऊ, म्हणजे एफ-२५०, असं नवऱ्याचं मत होतं. इथे एक खाच आहे. डिझेल इंजिन जड असतं, आणि गाडीचं एकूण कमाल वजन ठरलेलं असल्यामुळे इंजिनाने खाल्लेले पौंड तुमच्या पेलोडमधून, म्हणजे पेलण्याच्या क्षमतेतून, वजा होतात. आम्ही बघितलेल्या डिझेल एफ-२५० गाड्यांची स्टिकरं दोन हजारांच्या थोडी पुढे होती. चामड्याच्या सीटा, सनरूफ असलेल्या महागड्या गाड्यांची त्याहून कमी. तीच गाडी एफ-३५० म्हणून, मागे एकेरी चाकांचीच, घेतली की पेलोड हजारभर पौंडांनी वाढतो आणि बाहेरून बघणाऱ्याला फरकही कळत नाही. आम्ही वापरलेली एफ-३५० घेतली, आठ फुटी हौद्याची. स्टिकर ३,७०० च्या वर आहे.

पहिल्या मोठ्या प्रवासाला निघताना, सगळं भरून, ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केल या वजनकाट्यावर वजन केलं. तिथे पुढचा ॲक्सल, मागचा ॲक्सल आणि ट्रेलर अशी तीन वजनं वेगवेगळी मिळतात. मग ट्रेलर सोडून एकट्या ट्रकचं वजन केलं की वजाबाकीने पिनचं वजन निघतं. काही डॉलरांचं काम आहे. आमचा भरलेला ट्रेलर १०,६०० पौंड आणि पिनवर २,१९०. म्हणजे माहितीपत्रकापेक्षा पाचशे चाळीस जास्त. त्यात हिच आणि आम्ही चौघं, शिवाय हौद्यातली हत्यारांची पेटी, असं धरलं तर तीन हजार ओलांडतात. एफ-१५० वर हे लादलं असतं तर काय झालं असतं, हा विचार मला अजूनही नको वाटतो. लोक तसं करतात. गाडी निघतेही. मागचे टायर, स्प्रिंग आणि ॲक्सल यांच्यावर काय बेततंय ते वरून दिसत नाही.

लायसन्सचं विचारतात म्हणून: ट्रक आणि ट्रेलर दोघांची कमाल वजनं मिळून २६,००१ पौंडांच्या खाली असल्यामुळे आम्हाला नॉर्थ कॅरोलिनात साधं क्लास सी पुरतं. त्याच्या वर गेलात तर वेगळं लायसन्स लागतं. प्रत्येक राज्याचे नियम निराळे, आपापल्या डीएमव्हीकडे (वाहन परवाना खात्याकडे) बघून घ्या.

हिच आम्ही बी अँड डब्ल्यूचा कम्पॅनियन घेतला. ही कॅन्ससमधल्या हंबोल्ट गावातली कंपनी. आमच्या ट्रकच्या हौद्यात कारखान्यातूनच चार सॉकेट बसवून आलेली होती, त्यात हिचचे पाय बसतात आणि फिरवून पक्के होतात. छिद्रं पाडावी लागली नाहीत, रेल्स बसवावे लागले नाहीत. जबडा पिनभोवती बसतो तो आवाज आणि लिव्हरची स्थिती, दोन्ही स्पष्ट कळतात. अंधारात टॉर्च मारून बघायला लागलं तरी शंका राहत नाही. तक्रार एकच, वजन. दोन माणसांशिवाय तो हौद्यातून काढता येत नाही, आणि आमच्या घरी दोन माणसं म्हणजे मी आणि नवरा, त्याची पाठ धरलेली. ज्यांना हिच सारखा काढा-घाला करायचा आहे त्यांनी अँडरसनचा ॲल्युमिनियमचा बघावा, तो एका माणसाला उचलतो. साडेसहा फुटी हौदा असेल तर सरकणारा हिच लागण्याची शक्यता आहे, नाहीतर काटकोनात मागे घेताना ट्रेलरचं नाक केबिनच्या काचेत शिरतं. आम्ही आठ फुटी हौदा घेतला तो याचसाठी. पार्किंगमध्ये त्रास होतो, होऊ दे.

जोडणं ट्रॅव्हल ट्रेलरपेक्षा सोपं आहे. बॉल दिसत नसे; नवरा मागे उभा राहून डावीकडे-उजवीकडे हात हलवायचा आणि तो हात त्याच्या डावीकडचा की माझ्या, यावरून दर वेळी बोलाचाली. फिफ्थ व्हीलची पिन मागच्या काचेतून समोर दिसते. हौद्याचं फळकं पाडायचं, पिनची पट्टी हिचच्या पट्टीपेक्षा नखभर खाली ठेवायची म्हणजे ट्रक मागे येताना तिला स्वतः उचलून घेतो, आणि सरळ मागे यायचं. जबडा बसला की सुरक्षा खीळ घालायची, विजेची सात पिनांची वायर आणि ब्रेकअवेची तार (ट्रेलर सुटलाच तर त्याचे ब्रेक आपोआप लावणारी) जोडायची. मग ट्रेलरचे पुढचे पाय जमिनीपासून जेमतेम सुटतील एवढेच उचलून, चाकांखालचे ठोकळे न काढता, ट्रेलरचा ब्रेक हाताने दाबून धरायचा आणि ट्रक हलका पुढे ओढून बघायचा. ही ओढून बघण्याची पायरी कधीही, कितीही घाई असली तरी, गाळू नये. पिन जबड्यात न बसता वरच टेकलेली असेल तर ट्रेलर हौद्याच्या कडांवर कोसळतो, आणि ट्रेलरचे पुढचे पाय जमिनीजवळ असले तर तो फार खाली येत नाही. ठोकळे सर्वांत शेवटी.

वळताना मात्र सवय मोडावी लागते. पिन ॲक्सलवर असल्यामुळे फिफ्थ व्हील वळणावर आत कापत येतो, ट्रॅव्हल ट्रेलरपेक्षा जास्त. पेट्रोल पंपावरचे पिवळे खांब, कोपऱ्यातला दगड, कॅम्पग्राउंडवरचा नळ, सगळं आतल्या चाकाच्या वाटेत. पुढे जास्त जाऊन मग वळायचं. मागे घेताना तो ट्रॅव्हल ट्रेलरइतका चटकन वाकत नाही, सावकाश ऐकतो, पण एकदा वाकला की खूप वाकू शकतो. जॉर्डन लेकच्या कॅम्पग्राउंडवर, घरापासून अर्ध्या तासावर, आठवड्याच्या मधल्या वारी जाऊन मी हे शिकले. स्टिअरिंगचा खालचा भाग धरायचा; हात ज्या बाजूला नेला त्या बाजूला ट्रेलरचं शेपूट जातं.

उंची हा नवा विषय आहे. आमचा ट्रॅव्हल ट्रेलर अकरा फुटांच्या आत होता, मी कधी विचारच केला नव्हता. हा एसीसकट १२ फूट ८ इंच आहे. आमच्या शेजारच्या डरममध्ये ग्रेगसन स्ट्रीटवरचा रेल्वेपूल प्रसिद्ध आहे, ‘कॅन ओपनर’ म्हणतात त्याला. ११ फूट ८ इंच उंचीच्या त्या पुलाने किती ट्रकांची छपरं सोलली त्याचे व्हिडिओ जगभर बघितले गेले. २०१९ मध्ये तो आठ इंचांनी उचलला, आता १२ फूट ४ इंच आहे. तरीही आमचं छप्पर चार इंचांनी जास्तच. म्हणून डॅशबोर्डवर उंचीचा आकडा मोठ्या अक्षरांत चिकटवला आहे आणि उंची-वजन घालता येणारा आरव्हीचा (प्रवासी घरगाड्यांचा) जीपीएस घेतला आहे. फोनवरच्या साध्या नकाशावर आता जात नाही.

न्यू जर्सीकडे नातेवाईकांकडे जाणाऱ्यांसाठी एक सूचना, ही दोन्ही प्रकारच्या ट्रेलरना लागू आहे: बाल्टिमोरच्या दोन्ही बोगद्यांतून, आय-९५ चा फोर्ट मॅकहेन्री आणि आय-८९५ चा हार्बर टनेल, आपल्यासारखे प्रोपेनचे मोठे सिलिंडर नेता येत नाहीत. पूर्वी त्यासाठी फ्रान्सिस स्कॉट की पूल होता. तो मार्च २०२४ मध्ये जहाजाच्या धडकेने कोसळला. आता आय-६९५ ने शहराच्या पश्चिमेकडून वळसा घालायचा.

राहायला कसं आहे? बैठकीची उंची, खिडक्या, पोटाखालची सामानाची जागा, या सगळ्यात ट्रॅव्हल ट्रेलरशी तुलना होत नाही. दोन्ही बाजूंच्या स्लाइड (बाहेर सरकणारे खोलीचे भाग) बाहेर काढल्या की सहा माणसं जेवायला बसतात. ५० ॲम्पिअरचं कनेक्शन ही माझ्या दृष्टीने मोठी सोय. ३० ॲम्पिअरमध्ये एकूण ३,६०० वॉट मिळतात. एसी चालू असताना इंडक्शन लावला की ब्रेकर पडायचा. ५० ॲम्पिअरमध्ये १२,००० मिळतात, आता ऑगस्टच्या उकाड्यात दोन एसी लावून भाकऱ्या भाजता येतात. स्वयंपाकघराचं छत उंच असल्यामुळे आणि वर पंखा असल्यामुळे फोडणीचा खाट झोपायच्या खोलीपर्यंत जात नाही, निदान लगेच जात नाही.

पण झोपायची खोली पिनच्या वर, म्हणजे तीन पायऱ्या चढून. आई सांगलीहून आली की आमच्याबरोबर येते आणि तिचे गुडघे दुखरे. मोठी खोली तिला द्यायची तर रात्री संडासला जाताना पायऱ्या, आणि त्या अंधारात. आम्ही पायऱ्यांना दिव्याची पट्टी आणि भिंतीला धरायला दांडा बसवला, तरी ती खाली सोफ्यावरच झोपते. दारात शिरतानाच्या पायऱ्याही जास्त आणि उंच. घरातली वडीलधारी माणसं नेहमी बरोबर येत असतील तर हे खरेदीच्या आधी त्यांना प्रत्यक्ष चढायला लावून बघा. लहान मुलं तीन-चार असतील तरीही बंक (एकावर एक खाटा) असलेला ट्रॅव्हल ट्रेलर त्याच किमतीत जास्त माणसं झोपवतो.

हौदा गेला, हेही खरं. सायकली, लाकडं, ओले टॉवेल, जनरेटर, सगळं पूर्वी हौद्यात पडायचं. आता तिथे हिच आहे. जनरेटर पोटाखालच्या कप्प्यात बसत नाही, आम्ही तो विकला.

ट्रेलरच्या कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण इतरांकडूनही त्याच गोष्टी ऐकते. नवीन ट्रेलरमध्ये एका स्लाइडचं रबर सुटलेलं होतं, सिंकखालचा जोड गळत होता आणि एका कपाटाचा स्क्रू लाकडाला लागलेलाच नव्हता. ताबा घेण्याआधी डीलरच्या आवारात पाणी, वीज, गॅस सगळं चालू करायला लावून अर्धा दिवस तपासा. आम्ही तसं केलं, म्हणून हे सगळं सहीच्या आधी दुरुस्त होऊन मिळालं. टायरही लगेच बदलले. गुडइयरचे एंड्युरन्स घातले आणि प्रत्येक चाकाला दाबाचा सेन्सर बसवला.

कोणी बदलू नये? ज्यांची गाडी रोज ऑफिसला न्यायची आहे आणि दुसरी घ्यायची नाही त्यांनी नको. जे जुन्या नॅशनल पार्कांच्या छोट्या कॅम्पग्राउंडवर जातात, जिथे लांबीची मर्यादा कडक असते, त्यांनीही विचार करावा. ज्यांना फक्त झोल नको आहे आणि ट्रॅव्हल ट्रेलर आवडतो, त्यांना हेन्सली किंवा प्रोप्राइड हे महागडे हिच आहेत. ते फिरण्याचा बिंदू जणू ॲक्सलजवळ नेतात. ट्रक बदलण्याच्या मानाने ते स्वस्तच.

एक उणीव अजून राहिली आहे. खराब काँक्रीटच्या रस्त्यावर, जोड ओलांडताना, ट्रेलर पुढे-मागे टकटक धक्के देतो. आय-९५ च्या काही पट्ट्यांवर हे इतकं होतं की मागच्या सीटवर मुलीला वाचता येत नाही. झोलासारखं ते धोक्याचं नाही, पण त्रासाचं आहे. त्यावर मोरराइडचा रबरी पिन बॉक्स (पिन धरून ठेवणारा सांगाडा) मिळतो, मूळ पिन बॉक्स काढून तो बोल्टने बसवायचा. तो मागवला आहे. बसवल्यावर पुन्हा कॅट स्केलवर जाईन, कारण त्याचंही वजन पिनवरच येणार.